उन्हावरचा उतारा

प्रताप नगरात राहायला आल्यापासून रुपरावजींनी सुनेकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा एका लुतऱ्या कुत्र्यासाठी.

एरवी हा माणूस मागणाऱ्यातला नव्हताच. काटोलकडच्या गावात संत्र्याची बाग, चार माणसांत मान, आणि घरात बायको, जिजाबाई, होत्या तोवर पाण्याचा पेलासुद्धा न मागता हातात यायचा. जिजाबाई दोन वर्षांमागे मे महिन्यात गेल्या. भाचीच्या लग्नाहून भर दुपारी टेम्पोत बसून परत आल्या, ओसरीवर आडव्या झाल्या आणि संध्याकाळी दवाखान्याच्या वाटेवरच संपल्या. ऊन लागलं, असं सगळ्यांनी सांगितलं. मग बाग पुतण्याच्या हवाली करून रोहितने बापाला नागपूरला आणलं. रोहित बँकेत, आणि त्याची बायको मिनल जनावरांच्या कॉलेजात डॉक्टर. दोघं सकाळी बाहेर पडली की म्हातारा गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, आणि दोघं परत आली की तिथेच सापडायचा. जेवलात का म्हटलं की "हो". बरं वाटतं ना म्हटलं की "हो". मिनलला वाटायचं, मामाजी, म्हणजे सासरे, आपल्यावर नाराज आहेत. रोहित म्हणायचा, बाबा असेच आहेत. नवरे मंडळींना बापाबद्दल बोलायचं नसलं की हे वाक्य फार सोयीचं पडतं.

थंडी सरत आली तेव्हा तो कुत्रा गल्लीत आला. अंगावर केस म्हणून नव्हते. कातडी जाड, करडी, जागोजागी खाजवून फुटलेली, आणि वास असा की समोरचे कृष्णकांत देव नाकाला रुमाल लावूनच फाटक उघडायचे. कृष्णकांत म्हणजे सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांचा स्वतःचा लॅब्राडोर, ब्रूनो, त्यांच्यापेक्षाही टापटिपीचा. या नव्या पाहुण्याला मात्र टापटिपीशी काही देणंघेणं नव्हतं. तो कोपऱ्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर एकदाच भुंकायचा, चौकशी केल्यासारखा. रुपरावजींच्या गावच्या सरपंचाची हीच खोड होती, आणि त्याच्याशी रुपरावजींचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं. त्यांनी कुत्र्याचं नाव सरपंच ठेवलं. भाकरीचा तुकडा टाकताना "घ्या सरपंचसाहेब" म्हणायला लागले. जिजाबाई गेल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा होती.

एका संध्याकाळी मिनल गाडी लावत होती, तर म्हातारा खुर्चीतून उठून गाडीपाशी आला.

"मिनल, याले पाहतं का जरा? रातभर खाजवते बिचारा. झोप नाही त्याले."

"उद्या दवाखान्यात नेऊ, मामाजी. तुम्हीपण चला."

"मी येऊन काय करू वं?"

"तो माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल."

आता योग पाहा. मिनलच्या पीएच.डी.चा विषय नेमका हाच होता. लूत भरलेल्या कुत्र्यांमधला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा विषय घरात कोणी विचारला नव्हता, आणि तिने सांगितलाही नव्हता. नवऱ्याला वाटायचं, बायको कुत्र्यांना इंजेक्शनं देते. तेही खरंच होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी तिने सरपंचाच्या पाठीवरून ब्लेडने थोडी कातडी खरवडली, काचेवर घेतली, आणि सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहून झाल्यावर सासऱ्याला बोलावलं. रुपरावजींनी चष्मा काढला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं.

"हे त अळीवानी दिसते. पाय बी आहेत."

"केसांच्या मुळाशी राहतात. थोडेफार प्रत्येक कुत्र्यात असतात. कुत्रा खंगला की माजतात."

"मंग औषध देल्लं की मरतीन."

"किडे मरतात, मामाजी. पण तेवढ्याने भागत नाही. किड्यांशी झगडताना अंगात आतून जाळ होतो. नांगराच्या फाळाला गंज चढतो ना, तसा रक्ताला, कातडीला चढतो म्हणा. चांगलं शरीर तो गंज रोजच्या रोज पुसत असतं. आजारी कुत्र्याचं ते पुसणं कमी पडतं. म्हणून किड्यांच्या गोळीबरोबर मी काहींना व्हिटॅमिन ई आणि झिंक देते, आणि मधून मधून रक्त घेऊन मोजते, गंज किती उरला ते."

"फाळाले तेल लावल्यावानी."

"अगदी तसंच."

लग्नानंतर सासऱ्याशी तिचं झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं होतं.

सरपंच असा तिच्या अभ्यासात दाखल झाला, आणि घरातही. घरी आणताना मिनलने मामाजींना बजावलं, घरची भाजी, मटणाचा रस्सा यातलं काही त्याला घालायचं नाही. दूधभाकरी, उकडलेलं अंडं, बस. रुपरावजींनी मान डोलावली आणि ते अक्षरशः पाळलं. घरात सावजी मटण झालं त्या रविवारी हाडकाकडे टक लावून बसलेल्या सरपंचाला ते समजावत होते, "नाही गा, डॉक्टरीनबाईचा हुकूम आहे." रस्सा का नको, हे मिनलने सांगितलं नाही. कारण सांगायला बसलं असतं तर कामाला उशीर झाला असता, आणि हुकूम गाडीची किल्ली शोधता शोधता देता येतो.

गोळीने आपलं काम केलं. होळीपर्यंत खाज थांबली. मार्च संपता संपता पाठीवर मखमलीसारखी बदामी लव आली, आणि तेव्हा कुठे गल्लीला कळलं की सरपंच बदामी आहे. रक्तातले आकडेही उतरायला लागले. दर काही शनिवारी तिघं गाडीने दवाखान्यात जायची. मागच्या सीटवर सरपंचाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला म्हातारा बोलायचा. बागेत रानडुक्कर शिरलं त्याचं, पहिला रेडिओ घेतला त्याचं, आणि कधीतरी जिजाबाईंचंही.

"मले समजलंच नाही," एकदा ते म्हणाले. "लग्नाहून आली, डोकं दुखते म्हने. मी म्हनलं झोप. तवाच कांद्याचा रस पाजला असता त उतरलं असतं ऊन. मी पाजला, पन उशिरा पाजला."

मिनल आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिली. सिग्नल सुटला तशी तिने गाडी काढली.

नागपूरचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला नाही, त्याला कांद्याचं महत्त्व सांगून कळायचं नाही. इथे एप्रिल लागला की माणूस खिशात रुमालाआधी कांदा घालतो. जेवताना कच्चा कांदा, तळपायाला कांदा, ऊन लागलं तर कांद्याचा रस. शिकलेली माणसं हसतात आणि हसता हसता खिसा चाचपून पाहतात. रुपरावजी रोज सकाळी एक कांदा मुलाच्या बॅगेत आणि एक सुनेच्या पर्समध्ये टाकायचे. मिनलने तो कधी काढून ठेवला नाही. तिच्या स्टेथोस्कोपला कांद्याचा वास यायचा. खिडकीत कांद्याच्या चकत्या, कूलरच्या टाकीवर कांदा. सगळं घरच त्या वासाचं झालेलं, मग त्यात आणखी एका वाटीचा वास वेगळा कोण काढणार.

ती वाटी सरपंचाची होती. हे मिनलला नंतर कळलं. पारा चढायला लागला तसा रुपरावजींच्या मनात एकच घोर लागला. एवढासा जीव, नुकती कुठे लव फुटलेली, अंगावर ऊन अडवायला काही नाही. एकदा उशीर झाला होता, आता होऊ द्यायचा नाही. मुलगा-सून बाहेर पडले की ते दोन मोठे कांदे किसायचे, फडक्यातून पिळायचे, त्यात गूळ आणि ताक घालायचे आणि सरपंचापुढे धरायचे. दुपार कलल्यावर पुन्हा. लपवून काही नव्हतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण कुत्र्याला पाणी पाजलं हे का कोणी संध्याकाळी मुद्दाम सांगतं? रस्सा बंद होता, कारण रस्सा म्हणजे मसाला. कांद्याचा रस हे औषध, त्याचा रश्श्याशी काय संबंध.

आणि कुत्र्याला कांदा विष असतो. माणसाला जो पचतो, तो कुत्र्याच्या रक्ताला आतून जाळतो. एखाद्या तुकड्याने नाही, पण रोजच्या रोज दिला तर तांबड्या पेशी फुटत जातात. ज्या गंजाशी मिनल महिने महिने झगडत होती, तोच गंज, वाटीवाटीने. पशुवैद्यकाच्या पोरांना हे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच शिकवतात. मिनल स्वतः शिकवायची.

मे लागला आणि सरपंच मंदावला. कोपऱ्यावर जायचा, पण भुंकायचा नाही. जिना चढताना मध्येच बसायचा. शनिवारच्या रक्तात गंजाचा आकडा उसळून वर आला होता आणि हिमोग्लोबिन घसरलं होतं. कातडी मात्र छान. मिनल चक्रावली. मग तिला एक कल्पना सुचली, आणि ती कल्पना तिला आवडली, हीच खरी पंचाईत. लूत बरी झाली तरी कडक उन्हाने कुत्र्यांच्या शरीरातला हा ताण पुन्हा वाढत असेल का? यावर कोणी फारसं लिहिलं नव्हतं. तिने गाइडला सांगितलं, गाइड खूश झाले, म्हणाले, यावर वेगळा पेपर होईल. त्या रात्री मिनल रोहितपाशी कितीतरी वेळ बोलत होती. तिच्या डोळ्यांत सरपंच नव्हता, आलेख होता.

"मामाजी, उन्हाचा त्रास होतोय त्याला," तिने सकाळी सांगितलं. "फार जपा. बाहेर सोडूच नका."

"मले वाटलंच होतं," रुपरावजी म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोनाचे तीन कांदे झाले.

सरपंचाच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या. मिनलने गोचिडतापाची औषधं सुरू केली, कारण नागपुरात कुत्र्याचं रक्त उतरलं की डॉक्टर आधी गोचिडावर संशय घेतो. गुण येईना. एका सकाळी त्याची लघवी चहाच्या रंगाची झाली. ती पाहून रुपरावजींचा चेहराही उतरला.

"जाईन का वं हा?"

"नाही जाऊ देणार," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने सरपंचाचं रक्त पुन्हा काचेवर घेतलं आणि गोचिडतापाचा किडा सापडेना म्हणून दुसरा, निळा रंग देऊन पाहिलं. तांबड्या पेशीच्या कडेला एक निळा ठिपका. शेजारच्या पेशीला तसाच. पुढच्या पेशीला तसाच. तिने काच सरकवली. जिकडे पाहावं तिकडे ठिपके. हे ठिपके तिने दरवर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवले होते, आणि शेजारी खडूने कारण लिहिलं होतं. पर्समधला कांदा तिथेच टेबलावर होता.

तिने घरी फोन लावला. म्हाताऱ्याचा फोन नेहमीप्रमाणे पलंगावर वाजत राहिला असणार. मग ती गाडी घेऊन निघाली. भर दुपारचे रस्ते ओस पडलेले, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता.

रुपरावजी कूलरसमोर जमिनीवर बसले होते. सरपंच त्यांच्या पायाशी कुशीवर पडला होता. किसणी, फडकं, गूळ, सगळं शेजारी मांडलेलं. एका हाताने ते त्याचं डोकं उचलून धरत होते, दुसऱ्या हातात वाटी. कुत्र्याला ते नको होतं. तरी मालकाने धरलंय म्हणून तो जिभेने एकेक घोट घेत होता, आणि म्हातारा लेकराला भरवावं तसं म्हणत होता, "घे बाप्पा, एवढं घे, उतरून जाईन."

मिनलने वाटी त्यांच्या हातातून घेतली.

"आता पुरे, मामाजी. दवाखान्यात नेऊ. रक्त चढवावं लागेल."

एवढंच. पुढचं वाक्य घशात आलं होतं, पण त्यांच्या बोटांवरचा कांदा आणि डोळ्यांतलं पाणी पाहून ते तिथेच राहिलं. ते पाणी कांद्याचं होतं की दुसरं, हे तिने पाहिलं नाही.

रक्त द्यायला ब्रूनो आला. कृष्णकांत देव, नाकाला रुमाल लावणारे तेच, चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोराचं घ्या, धडधाकट आहे." ब्रूनोचं रक्त जुळलं. ते थेंब थेंब सरपंचाच्या अंगात गेलं. संध्याकाळी त्याने मान वर केली, शेपटी टेबलावर दोनदा आपटली, आणि मिनलला वाटलं, वाचला. पण जे आत होतं ते काम करतच राहिलं. नवं रक्तही विरत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, रुपरावजींच्या मांडीवर डोकं ठेवून सरपंच गेला. त्याच्या नव्या, मऊ केसांवरून म्हातारा हात फिरवत होता, आणि गेल्यावरही बराच वेळ फिरवत राहिला. मिनल भिंतीकडे तोंड करून रडली. एवढ्या कुत्र्यांची मरणं पाहिलेली बाई, पण या मरणाला तिच्याकडे डॉक्टरकी नव्हती.

"काय झालं होतं वं त्याले?" गाडीत रुपरावजींनी विचारलं. मागच्या सीटवर ते आता एकटेच होते.

मिनलने आरशात पाहिलं नाही.

"ऊन लागलं, मामाजी. आधीच आजारी, सोसलं नाही त्याला."

"मी त कांद्याचा रस देऊन राहिलो होतो. दोन्ही टाइम."

"हो."

"कमी पडला," म्हातारा म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "या खेपेलेबी कमीच पडला."

रात्री जेवणं झाल्यावर तिने रोहितला सगळं सांगितलं. त्याने बापाच्या खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "नको सांगू बाबांना. आई गेली तेव्हापासून त्यांचं काय चाललंय, मी पाहतोय. सांगून कुत्रा काही परत येत नाही." मिनललाही तेच हवं होतं. दुसऱ्याने तोंडावर आणून दिलं की आपला भित्रेपणा शहाणपणासारखा दिसतो. शिवाय तिच्या स्वतःच्या हिश्श्याचं काय? रश्श्याचं कारण न सांगणारी ती. उन्हाचा त्रास होतोय म्हणणारी ती. आलेख काढणारीही तीच. म्हाताऱ्याला सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं. पेपरचा विषय तिने गुपचूप सोडून दिला.

रुपरावजी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. जेवलात का, हो. बरं वाटतं ना, हो. सकाळी पर्समध्ये कांदा पडायचा, तेवढी एक हालचाल उरली होती. मिनल तो कॉलेजात पोचली की फेकून द्यायची.

मग नवतपा लागला. मेअखेरचे ते नऊ दिवस असे की झाडाच्या सावलीतही सावलीसारखं काही वाटत नाही. एका रविवारी मिनल वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली, आणि खाली समोरच्या फाटकापाशी तिला मामाजी दिसले. वाकून काहीतरी करत होते. शेजारी कृष्णकांत कौतुकाने पाहत उभे. किती दिवसांनी म्हातारा घराच्या बाहेर पडला, म्हणून तिला आधी बरंच वाटलं. मग तिला वाटी दिसली, आणि वाटीत बुडालेलं ब्रूनोचं तोंड.

ती कपडे टाकून अनवाणी खाली धावली. रस्त्याचं डांबर पायाला चिकटत होतं.

"हे काय देताय?"

"अगं, धापा टाकतोय बघ ना कसा," कृष्णकांत म्हणाले. "काल आणि आज, दोन दिवस झाले, रुपरावजी स्वतः रस काढून आणतात. कोण करतं हो दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी एवढं?"

"यानं रक्त देल्लं होतं आपल्या सरपंचाले," रुपरावजी म्हणाले. आवाजात जुनी धार परत आली होती. "मी देवसाहेबाले म्हनलं, माह्या हातून कमी पडला म्हनून गेला तो. तुम्ही कसर ठेवू नोका. भरपूर पाजा."

मिनलने वाटी हिसकावली आणि रस्त्यावर ओतली. डांबरावर ताक फेसाळलं.

"काका, ब्रूनोला आत्ता दवाखान्यात न्यायचंय. रक्त बघायला हवं." कृष्णकांत का म्हणून विचारत होते, ब्रूनो वाटीसाठी उड्या मारत होता, आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं. "कुत्र्याला कांदा चालत नाही. विष असतो."

रुपरावजी वाकलेले होते ते सरळ झाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि घराकडे वळले.

ब्रूनो ठणठणीत होता. दोन दिवसांच्या रसाने त्याच्या थोराड देहाला विशेष काही झालं नव्हतं. मिनलने खात्री करून घेतली, कृष्णकांतांना काय काय पाहायचं ते समजावून सांगितलं, या खेपेला कारणासकट, आणि घरी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारा ओट्यावर पायरीशी बसला होता. खुर्ची रिकामीच होती.

"ब्रूनो?"

"चांगला आहे. काही झालं नाही त्याला."

रुपरावजींनी मान हलवली. मिनल एक पायरी सोडून खाली बसली.

"सरपंचाले मीच मारलं म्हनायचं."

"तुम्ही नाही. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. रस्सा नको म्हटलं, तेव्हाच कांदा नको म्हणायला हवं होतं. तुम्ही जीव लावून दिलंत. मला माहीत असून मी..." तिने निळ्या ठिपक्यांचं सांगितलं, आलेखाचं सांगितलं, गाइड खूश झाले तेही सांगितलं. गंजाचं सांगताना ती अडखळली. रुपरावजी ऐकत राहिले.

"तुले कवा मालूम झालं?"

"त्या दुपारी. वाटी घेतली तेव्हा."

"आन मी गाडीत विचारलं, तवा तू ऊन लागलं म्हनलं."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून, मामाजी."

रुपरावजींना राग आला नाही. तो आला असता तर मिनलला सोपं गेलं असतं. ते गेटकडे पाहत बसले. गल्लीतून कोणीतरी गाडीवर गेलं. मग ते अगदी हळू म्हणाले,

"जिजाबाईलेबी मी तोच पाजला होता. वाटीभर. तिच्या तोंडात जाऊन नव्हता राहिला, ओकून राहिली होती. मी जबरदस्तीनं पाजला. म्हनलं, एवढं घे, उतरून जाईन."

मिनल उठून त्यांच्याजवळ बसली.

"मामाजी, माणसाला कांद्याने काही होत नाही. खरंच होत नाही. हे फक्त कुत्र्यामांजरांचं आहे, त्यांचं रक्त वेगळं असतं. सासूबाई उन्हानेच गेल्या."

म्हाताऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून, इतका वेळ त्यांनी सुनेच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

"सरपंचबी उन्हानंच गेला होता," ते म्हणाले.

"ते मी खोटं बोलले होते. हे खरं आहे. तुम्ही कोणालाही विचारा. रोहितला विचारा, दुसऱ्या डॉक्टरला विचारा."

"रोहितले बी मालूम होतं?"

तिची नजर पायरीकडे गेली. तेवढ्यातच त्यांना उत्तर मिळालं.

"शपथ घेऊन सांगते, मामाजी."

"नोको घेऊ." त्यांनी हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. "तू मनानं लय चांगली आहे वं पोरी. माह्या जिवाले लागू नाही म्हनून तू काईबी सांगशीन. तवा सांगितलं, आता बी सांगशीन."

मिनल सांगत राहिली. डॉक्टर म्हणून सांगितलं, सून म्हणून सांगितलं, रडत रडतही सांगितलं. ती जे सांगत होती ते सगळं खरं होतं. रुपरावजी प्रत्येक वेळी तिची समजूत काढल्यासारखं "हो" म्हणत होते.